कपवाला ब्लेंडर की हॅन्ड ब्लेंडर? रोजच्या प्रोटीन स्मूदीसाठी

रोज एक ग्लास स्मूदी, एकट्यापुरती आणि बहुतेक वेळा घाईत, एवढं नक्की असेल तर निवड शेवटी दोन यंत्रांवर येऊन थांबते. एक म्हणजे भरून, झाकण पिळून, उलटा करून बसवायचा कपवाला ब्लेंडर. दुसरा म्हणजे दांडा असलेला हॅन्ड ब्लेंडर. मी दोन्ही बरेच दिवस वापरले आणि आता त्यातला एकच ओट्यावर उरला आहे. त्याकडे वळण्याआधी बाकीचे पर्याय पटकन बाजूला करतो.

नुसती प्रोटीन पावडर आणि दूध किंवा पाणी एवढंच घेत असाल तर यंत्राच्या भानगडीत पडूच नका, शेकर, म्हणजे हाताने हलवायची झाकणाची बाटली, पुरे. आधी द्रव, मग पावडर, मग हलवणं. क्रम उलटा झाला की पावडरच्या ढिगाची बाहेरची बाजू भिजून चिकट कवच धरते आणि आतली पावडर कोरडीच राहते, मग शेकरमधला तारेचा गोळा कितीही आपटला तरी गुठळी फुटत नाही. मात्र केळं किंवा ओट्स घालायचे म्हटलं की शेकरचं काम संपलं.

जगवाला मोठा ब्लेंडर हा खरा ताकदवान गडी. तळाशी पातं फिरणारं यंत्र स्टीफन पोप्लॉस्की यांनी १९२२ मध्ये आणलं तेच मुळी दुधाची पेयं घुसळायला, त्यामुळे स्मूदी हे त्याचं जन्मापासूनचं काम. बर्फ असो, गोठवलेली बेरी असो की पालक, त्याच्यापुढे काही टिकत नाही. अडचण फक्त एका ग्लासाची आहे. रुंद जगात थोडंसं मिश्रण घातलं की ते भिंतींवर उडतं, पात्याभोवती हवेची पोकळी तयार होते आणि मोटर रिकामीच किंचाळत राहते. घरात तीन-चार जणांसाठी करत असाल तर बेलाशक जगवाला घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

बॅटरीवर चालणारे, बॅगेत मावणारे ब्लेंडर मी घरासाठी विचारात घेत नाही. प्रवासात त्यांचा उपयोग असेल. पण त्यातल्या गाजलेल्या ब्लेंडजेट २ या मॉडेलचे सुमारे ४८ लाख नग डिसेंबर २०२३ मध्ये परत मागवावे लागले होते, तापून पेट घेण्याच्या आणि पाती तुटण्याच्या तक्रारींमुळे. शिवाय मोटर आणि भांडं एकमेकांना लागूनच असल्यामुळे सगळं बिनधास्त पाण्याखाली धरता येत नाही.

आता मुख्य सामना.

गुळगुळीतपणात कपवाला पुढे आहे, यात वाद नाही. जागा लहान, पातं जवळ, मिश्रण पुन्हापुन्हा त्यावरच येऊन पडतं. केळं, ओट्स, पीनट बटर आणि एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा) पावडर असं घातलं तर काही सेकंदांत एकजीव. फक्त भरताना लक्षात ठेवायचं की हा कप उलटा होणार आहे, म्हणजे शेवटी घातलेली वस्तू पात्याला आधी भेटते. म्हणून कडक फळं आधी, पावडर मध्ये, द्रव शेवटी. पावडर तळाशी टाकली तर ती कोपऱ्यात कोरडी चिकटून बसते आणि प्यायला घेतल्यावर शेवटच्या घोटात सापडते.

हॅन्ड ब्लेंडर इतका तलम निकाल देत नाही. ओट्सचा कण जिभेला लागतो, पालकाचे तुकडे दिसतात. दगडासारखी गोठलेली फळं त्याला झेपत नाहीत. काही कंपन्या तर बर्फ घालू नका असं स्पष्टच लिहितात. फळं दुधात पाच-दहा मिनिटं पडू दिली की जमतं, पण घाईच्या सकाळी ती पाच मिनिटं कुठून आणायची हा प्रश्न उरतोच. अळशीसारख्या बिया त्यात अख्ख्याच राहतात, त्या आधी कुटून ठेवाव्या लागतात. शिवाय एक हात बटणावर अडकतो, आणि पात्याभोवतीचं घंटेसारखं तोंड द्रवात पूर्ण बुडायच्या आत बटण दाबलं गेलं तर शर्ट बदलावा लागतो.

इथपर्यंत वाचून कपवाला घ्यायचं तुमच्या मनाने ठरवलं असेल. कागदावर तोच जिंकतो.

माझं मत फिरवलं ते त्याच्या झाकणातल्या रबरी रिंगने. पात्याचं झाकण आणि कपाची कडा यांच्यामध्ये बसते ती गॅस्केट. कप उलटा झाला की अख्ख्या मिश्रणाचा भार तिच्यावर येतो. दूध आणि व्हे (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर) रिंगखालच्या खाचेत झिरपतं आणि तिथेच राहतं. नळाखाली धरलं की पाती चकचकीत होतात, कप लख्ख दिसतो, पण खाचेत पाणी पोचत नाही. दुसऱ्या दिवशी झाकण नाकाजवळ नेलं की आंबूस, ओल्या फडक्यासारखा वास. कप हुंगला तर काहीच नाही. म्हणून कितीतरी दिवस दोष पावडरवरच ढकलला जातो.

उपाय आहे, नाही असं नाही. रिंग काढायची, खाच ब्रशने घासायची, रिंग वेगळी धुवायची, दोन्ही पूर्ण वाळू द्यायचं, मग परत बसवायचं. लिहायला दीड ओळ पुरते. प्रत्यक्षात ओली, साबणाने बुळबुळीत झालेली ती रिंग चमच्याच्या दांड्याने उचकटताना बोटं चार धारदार पात्यांपासून नखभर अंतरावर असतात. काही मॉडेलमध्ये ती पक्की चिकटवलेलीच असते, तिथे हाही मार्ग बंद. ओली असतानाच परत बसवली तर थोड्या दिवसांत काळे ठिपके. रोज काढली तर ती सैल पडते, एखाद्या सकाळी वाकडी बसते आणि मिश्रण खाली मोटरच्या खोबणीत उतरतं. काढावी तर गळती, न काढावी तर वास, इकडे आड तिकडे विहीर. सुटी रिंग बदलून मिळते म्हणा. पण एका ग्लास पेयासाठी सुट्या भागांची चौकशी करत बसायची माझी तयारी नव्हती.

माझं नाक जरा जास्तच तिखट असेल, हे मान्य. कपवाला वर्षानुवर्षं वापरणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांना हा वास कधी जाणवलेला नाही. नुसती फळं आणि पाणी घुसळणाऱ्यांना तो येणारही नाही कदाचित. प्रथिनं आणि दुधाची स्निग्धता असलेलं मिश्रण खाचेत अडकलं की गोष्ट वेगळी होते. त्यात पीनट बटर असेल तर विचारूच नका, ते पात्याच्या पोटाखाली जाऊन असं बसतं की ब्रशचे केसही तिथे वळत नाहीत.

धुण्याबद्दल आणखी एक, कारण ते दोन्ही यंत्रांना लागू आहे. वास घालवायला म्हणून थेट उकळतं पाणी ओतू नका. व्हेमधली प्रथिनं साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गोठू लागतात आणि पृष्ठभागाला घट्ट धरतात. आधी थंड पाण्याने खळबळून काढायचं, मग कोमट पाणी आणि साबण. आणि भांडं लगेच धुणार नसाल तर निदान पाण्याने भरून ठेवा. वाळलेलं व्हे खरवडणं हा स्वतंत्र व्यायाम आहे.

हॅन्ड ब्लेंडर धुणं म्हणजे त्याच भांड्यात पाणी आणि साबणाचा थेंब घालून तो काही सेकंद फिरवायचा, मग स्वच्छ पाण्यात पुन्हा एकदा. उचकटायची रिंग नाही, आटे नाहीत. केळ्याचा किंवा आंब्याचा धागा पात्याच्या दांडीला गुंडाळलेला असतो कधीकधी. तो काढताना आधी प्लग काढायचा, यात आळस नको, कारण बटण पकडीतच असतं आणि चुकून दाबलं जाणं अगदी सोपं आहे. त्याच्यातही एक सील असतं, दांडा जिथे तोंडात शिरतो तिथे, आणि ते झिजलं तर दांड्यात पाणी शिरून नंतर ठिबकू शकतं. माझ्याकडे तसं अजून झालेलं नाही. धुतल्यावर उभा न ठेवता आडवा वाळवतो, त्याचा फायदा होत असावा.

धुण्यासाठी म्हणून हॅन्ड ब्लेंडरकडे वळलो आणि मग दोन गोष्टी अनपेक्षितपणे आवडल्या. पहिली, फेस कमी. व्हेची प्रथिनं हवेच्या बुडबुड्याभोवती उलगडून पातळ पडदा धरतात, म्हणून फेस टिकतो. बंद कपात हवा आधीच कोंडलेली असते आणि वेग प्रचंड, त्यामुळे वरचा मोठा भाग नुसता फेस. हॅन्ड ब्लेंडरचं तोंड पृष्ठभागाखाली धरून ठेवलं तर हवा फारशी आत ओढली जात नाही. मी फळं आणि ओट्स आधी नीट घुसळतो, पावडर शेवटी घालतो आणि बटण अगदी थोडा वेळ दाबतो. कपातही पावडर मागाहून घालता येते, पण त्यासाठी पुन्हा पिळणं, उघडणं, पिळणं.

दुसरी आवडलेली गोष्ट यातूनच निघते. भांडं उघडं असल्यामुळे चालू कामात हस्तक्षेप करता येतो. घट्ट झालं, दूध ओता. फिकं झालं, अर्धं केळं टाका. केसीन, म्हणजे दुधातल्या दुसऱ्या प्रथिनाची पावडर, वापरणाऱ्यांना हे विशेष पटेल. केसीन पाणी शोषून बघताबघता खिरीसारखं दाट होतं, आणि मग कपातलं मिश्रण पात्याभोवती पोकळी करून जागच्या जागी थिजतं. कप काढा, आपटा, हलवा, पुन्हा लावा. हॅन्ड ब्लेंडर वरखाली केला की काम होतं. वाटाणा किंवा तांदळाची प्रथिनं घेत असाल तर मात्र कोणत्याही यंत्राकडून चमत्काराची अपेक्षा नको. ती रवाळ लागतातच. घुसळून दहा मिनिटं ठेवली तर भिजून थोडी मऊ होतात.

कोमट पेय आवडणाऱ्यांसाठी निर्णय आणखी सोपा आहे. बंद कपात गरम द्रव घालायला कंपन्या मनाई करतात, कारण वाफेचा दाब वाढून झाकण उडू शकतं. न्यूट्रीबुलेट तर एका वेळी एक मिनिटापेक्षा जास्त चालवू नका असं सांगते, कारण नुसत्या घर्षणानेही आतलं मिश्रण तापतं. उघड्या भांड्यात ही भीती नाही, फक्त शिंतोड्यांपासून जपायचं.

आवाज? हॅन्ड ब्लेंडर मला कमी कर्कश वाटतो. मोजलेला नाही. घरातल्यांची झोपमोड होत नाही, एवढाच माझा पुरावा.

प्रथिनांच्या बाबतीत कुठल्याच यंत्राने फरक पडत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण पावडर किती घालायची याचा थोडा हिशेब केला तर यंत्रावरचा ताणही कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जेमतेम ५० ग्रॅम. जोरकस व्यायाम करणाऱ्यांना याहून बरीच जास्त. व्हेच्या एका स्कूपमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात आठेक ग्रॅम, दोन मोठे चमचे पीनट बटरमध्ये सात-आठ. एका ग्लासात दोन-दोन स्कूप कोंबून ते सिमेंटसारखं झालं की लोक वॅट जास्त असलेला ब्लेंडर शोधायला लागतात. एक स्कूप कमी करून बघा आधी.

तरीही कपवाला कोणी घ्यावा? ज्यांना रोज गोठवलेली बेरी हवीच, ज्यांना पालेभाजीचा कण चालत नाही, आणि ज्यांना धुणं म्हणजे शिक्षा वाटत नाही त्यांनी. घेणारच असाल तर रिंग सुटी होते का आणि वेगळी मिळते का, हे आधी विचारा. डिशवॉशरच्या भरवशावर राहू नका, कारण कप त्यात चालत असले तरी पात्याचं झाकण घालू नका असं बऱ्याच माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. प्यायला तोच कप वापरणार असाल तर आटे झाकणारी कडी सोबत येते का ते बघा, नाहीतर आटे ओठांना लागतात.

आणि हॅन्ड ब्लेंडर घेताना वेगांची संख्या, जोडीला येणारे विस्कर आणि चॉपर यांना भुलू नका. दांडा मोटरपासून सुटा होणारा हवा आणि स्टीलचा हवा, प्लॅस्टिकच्या दांड्यावर फळांचे डाग राहतात. बटण हलकं हवं, दुकानात अर्धा मिनिट दाबून धरलं तर अंगठा लगेच सांगतो. भांडं उंच आणि अरुंद, ब्लेंडरच्या तोंडापेक्षा थोडंसंच रुंद हवं. रुंद पातेल्यात केळ्याचे तुकडे पळत राहतात. आणि तोंडाच्या कडेला खाचा आहेत का बघा. त्या नसल्या तर ते तळाला शोषून चिकटतं आणि दर वेळी हिसका देऊन सोडवावं लागतं.