कोळ्यांच्या ओळखीसाठी घेतलेला स्टिरिओ मायक्रोस्कोप : दोन हंगामांचा अनुभव

आमच्या रावेरकडच्या केळीच्या बागांत आणि कपाशीवर सापडणाऱ्या कोळ्यांची नोंद ठेवण्यासाठी मी जळगावातून 20 आणि 40 पट मोठे दाखवणारा साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप (दोन्ही डोळ्यांनी पाहायचा, वस्तू उठावदार दाखवणारा सूक्ष्मदर्शक) साडेदहा हजार रुपयांना घेतला. (यावल अभयारण्यातून नमुने गोळा करण्यास वनखात्याची परवानगी लागते, म्हणून मी बांधाबाहेर जात नाही.)

रंग आणि नक्षी एकाच जातीतही बदलत असल्यामुळे कोळ्याची जात ठरते ती बहुधा जननेंद्रियांवरून : नराच्या तोंडाजवळील पाल्पच्या (छोट्या पायासारख्या अवयवाच्या) टोकाची रचना आणि मादीच्या पोटाखालची एपिजाइन नावाची कठीण पट्टी. शेवटची कात टाकण्यापूर्वी हे अवयव पूर्ण तयार झालेले नसतात, त्यामुळे पिल्लू हाती आले तर कितीही भारी यंत्र असले तरी सहसा कुळापाशीच, म्हणजे जातींच्या मोठ्या गटापाशीच, थांबावे लागते. कुळासाठी मात्र 20 पट पुरते. लांडगा कोळ्याचे पुढचे चार बारीक आणि मागचे चार मोठे डोळे, किंवा कपाशीवरच्या काटेरी पायांच्या कोळ्याचे षटकोनी मांडणीतले डोळे इतके स्पष्ट दिसतात की पहिल्या दिवशी मी जेवायचे विसरलो. प्रतिमा सुलटी दिसते आणि भिंगाखाली हात चालवायला ऐसपैस जागा मिळते, म्हणून सुईने पाल्प वळवणे सोपे जाते. 70 टक्के अल्कोहोलच्या बशीत तापीची धुतलेली बारीक वाळू घालून कोळी तिच्यात रुतवला की तो हव्या त्या कोनात स्थिर राहतो.

खरी तक्रार दिव्याची आहे. तो थेट वरून पडत असल्याने अल्कोहोलच्या पृष्ठभागावर चकाकी येते आणि एपिजाइनचा मधला खळगा नेमका तिच्याखाली जातो. दुकानदाराने ‘असेच असते’ म्हणून हात झटकले; शेवटी टेबल लॅम्पला बटर पेपर लावून प्रकाश तिरपा पाडला, तेव्हा कडा दिसू लागल्या. दिव्याला बॅटरी नाही, त्यामुळे वीज गेली की काम थांबते, आणि वैशाखातल्या 44 अंशांत तेवढ्या वेळात बशीतले अल्कोहोल उडून नमुना कोरडा पडतो.

आठ-दहा मिलिमीटरच्या कोळ्यांसाठी हे यंत्र पैसे वसूल करते, पण दोन-तीन मिलिमीटरच्या कोळ्यांसाठी 40 पट अपुरे आहे. एपिजाइन कापून लवंगेच्या तेलात पारदर्शक करून आतले शुक्रकोष (मादी नराचे शुक्राणू साठवते त्या पिशव्या) पाहायचे असतील तर याहून कितीतरी मोठे दाखवणारा संयुक्त सूक्ष्मदर्शकच लागतो, आणि त्यासाठी मला अजूनही काचपट्ट्या डब्यात घालून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जावे लागते.