बौद्धिक अक्षम बहीण: एकाच्या घरी, पाळीपाळीने की संस्थेत?

आधी एक गुंता सोडवा. आई-वडिलांनंतर ताईने राहायचं कुठे, तिच्या वतीने सही कोणी करायची आणि तिचे पैसे कोणी बघायचे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक घरांत तिन्ही एकाच भावाच्या गळ्यात पडतात आणि पुढे भांडणं होतात ती त्यावरूनच.

वरवर सगळ्यांत न्याय्य दिसते ती पाळी. चार महिने एकाकडे, चार दुसऱ्याकडे. न्याय होतो, पण भावंडांपुरता. आपला टॉवेल कुठल्या खुंटीवर, गरम पाण्याचा नळ कुठला, हे ताईच्या अंगवळणी पडेस्तोवर बॅग भरायची वेळ येते. फिटच्या गोळ्यांची अर्धी पट्टी ठाण्यात राहते आणि ताई नाशिकला पोचलेली असते. अशा व्यक्तींना काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत जाणारी असेल तर तेही सुटतं. माझ्या मते हा पर्याय सर्वांत शेवटचा.

एकाच घरी कायमचं राहणं ताईला मानवतं. पण "आम्ही बघू तिचं" असं भाऊ बैठकीत म्हणतो, आणि आंघोळ, मासिक पाळीचे दिवस, रात्रीचं उठणं वहिनीच्या वाट्याला येतं. तिला कोणी विचारलेलंच नसतं. कायदा या बाबतीत घरच्यांपेक्षा शहाणा आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अठरा वर्षांवरच्या अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. त्याच्या नियमांत स्त्रीसाठी एकट्या पुरुषाला पालक नेमत नाहीत. भाऊ झाला तर त्याची बायकोही सहपालक होते, आणि दोघांत मुख्य तीच. त्यामुळे वहिनीचा होकार नसेल तर हा पर्याय यादीतून काढाच.

आई-वडिलांच्याच घरात सांभाळायला बाई ठेवून राहणं: शेजार ओळखीचा, वाण्यापर्यंत ताई एकटी जाऊन येते, हे फार मोलाचं. पण बाई अचानक सोडून गेली तर तासाभरात पोचणारं कोणी हवं. ते नसेल तर विषय संपला.

राहिली निवासी संस्था. "टाकली तिला" हे नातेवाईक म्हणणारच. त्यांतलं कोणी एक रात्रही सांभाळायला येत नाही. बदलापूरची 'आधार' तर अशा मुलांच्या आई-वडिलांनीच उभी केली, आपल्यामागे काय या धास्तीतून. भावंडंच पन्नाशी-साठीची असतील तर मी संस्थेच्या बाजूने आहे, मात्र आई हयात असतानाच सुरुवात करावी: आधी थोडे दिवस राहून बघणं, मग मुक्काम वाढवणं. जाल तेव्हा बागेचं कौतुक नंतर करा. रात्रपाळीला बाई किती, फिट आली तर काय करता, पुढे अंथरुणाला खिळली तर ठेवता का आणि दिवाळी-मेमध्ये घरी न्यावं लागतं का, हे आधी विचारा.

पैशांचं. "जो सांभाळेल त्याला फ्लॅट" हा तोंडी सौदा करू नका. ताईचा वाटा ताईचाच. बौद्धिक अक्षमतेमुळे वारसाहक्क जात नाही, आणि तिच्या अंगठ्यावर हक्कसोडपत्र उरकणं तर अजिबात नको. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हेळसांड किंवा अफरातफर झाली तर त्याला काढताही येतं. वडील सरकारी नोकरीत होते? मग अटींत बसल्यास ताईला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. तिचं नाव आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र त्यांच्या हयातीतच कार्यालयात नोंदवून घ्या, नंतर खेटे घालावे लागतात. आणि ताई ज्याच्या घरी, त्याच्याकडे वही नको. हिशेब दुसऱ्या भावंडाने ठेवावा.

अमेरिकेतल्या भावाने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पालक होऊ शकत नाही. बाईचा पगार मात्र देऊ शकतो. त्याहून कामाचं म्हणजे दरवर्षी महिनाभर येऊन ताईपाशी राहावं आणि तेवढे दिवस वहिनीला हवं तिथे जाऊ द्यावं. हे तारखांसकट आत्ताच ठरवा.