नोटांचा संग्रह: अल्बम, सुटी पाकिटं की सीलबंद?

नोटा ठेवायच्या कशात, हे ठरवण्याआधी प्लास्टिक ओळखायला शिका. बुरशी आणि कसरीपेक्षा माझ्या नोटांचं जास्त नुकसान प्लास्टिकनेच केलं आहे.

मऊ, लुसलुशीत, नव्या रेनकोटसारखा वास येणारं पान असेल तर ते बहुधा पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून मिसळलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं, आणि पीव्हीसी स्वतः विघटित होताना आम्ल सोडतं. माझी एक कोरी करकरीत नोट अशा पानात काही वर्षं राहिली. काढायला गेलो तर ती चिकटलेली. हळूच सोडवली, तेव्हा कागद बोटांना तेलकट लागला आणि शाईचा पुसट ठसा पानावरच राहिला. अजून ते आठवलं की वाईट वाटतं. पॉलिएस्टर, म्हणजे मायलार, काचेसारखं स्वच्छ आणि कडक असतं. पॉलिप्रॉपिलीन त्याहून स्वस्त, थोडं मऊ, पण तेही चालतं.

आता अल्बम. क्रमाने लावलेल्या नोटा पानं उलटत पाहण्यात जो आनंद आहे, तो डब्यात नाही. पण पानं जास्त भरली की रिंगजवळची कड दबते, आणि लहान नोट मोठ्या कप्प्यात सरकत राहते. अल्बम पुस्तकासारखा उभा ठेवा. एकावर एक रचू नका.

सुट्या पाकिटांत प्रत्येक नोट स्वतंत्र राहते, एक पाहायची तर बाकीच्यांना धक्का लागत नाही. लांब बाजूने उघडणारी पाकिटं घ्या. अरुंद तोंडातून नोट सरकवताना कोपरा दुमडतो, आणि कोऱ्या नोटेची किंमत त्या एका कोपऱ्यावर उतरते. डबा आम्लमुक्त पुठ्ठ्याचा हवा.

ग्रेडिंग करून, म्हणजे तज्ज्ञ संस्थेकडून दर्जा ठरवून घेऊन, सीलबंद केलेल्या नोटेला खरेपणाची खात्री आणि ७० पैकी गुण मिळतात. विकायची असेल तर उपयोग मोठा, पण खर्च पाहता फक्त महागड्या नोटांनाच परवडतं. सीलबंद झाली म्हणजे उजेड आणि दमटपणाची चिंता मिटली, असंही नाही.

माझं मत विचाराल तर चांगल्या नोटा मायलारच्या पाकिटांत, वरचेवर दाखवायच्या साध्या नोटा अल्बममध्ये.

काहीही निवडलंत तरी जागा अंधारी हवी, आर्द्रता ४० ते ५० टक्के आणि तापमान २० अंशांच्या आसपास. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात सतत चढउतार नकोत. म्हणून माळा आणि ओल येणारी भिंत टाळा. दमटपणा शोषणारं सिलिका जेल ठेवत असाल तर ते अधूनमधून वाळवावं लागतं. लॅमिनेशन मात्र कधीही नाही. ते पुन्हा निघत नाही.

१९८८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या, नोटांना ओलीचं भय कमी, पण उष्णतेने त्या आक्रसतात आणि एकदा पडलेली घडी सहसा जात नाही. त्यांनाही कडक पाकीटच द्या.