ड्यून, भाग दोन : चानीचं पाणी कुठं गेलं?

लातूरहून रात्रीच्या बसनं निघाले आणि सकाळी पुण्यात उतरले, ते फक्त हा चित्रपट आयमॅक्सच्या मोठ्या पडद्यावर बघायचा म्हणून. सोबत पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा आणि माझी कॉलेजची मैत्रीण. भाच्यानं पुस्तक वाचलेलं नाही, पण २०२१चा पहिला भाग त्यानं चार वेळा पाहिलाय. मैत्रिणीनं फ्रँक हर्बर्टची कादंबरी हॉस्टेलमध्ये माझ्याच प्रतीवरून वाचली आणि प्रत परत केली नाही. १६६ मिनिटं आम्ही तिघं एका रांगेत होतो, आणि बाहेर आल्यावर तिघांनी तीन वेगळे चित्रपट पाहिल्यासारखं बोलत होतो. सकाळचा खेळ संपवून जेवायला बसलो ते हॉटेलवाल्यानं टेबल पुसायला घेतलं तरी उठलो नाही.

पुढे कथा उघड होणार आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून घ्या, आणि जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघा. फोनवर बघणार असाल तर थांबा.

भाच्याचं म्हणणं सरळ होतं. पहिल्या भागात नुसती मांडामांड होती, खरा चित्रपट हा. पॉल, म्हणजे अराकिस या वाळवंटी ग्रहावर आईसोबत आसरा घेतलेला सरदारपुत्र, पहिल्यांदा वाळूतल्या महाकाय किड्यावर स्वार होतो तिथं तो खुर्चीच्या कडेला आला होता, आणि मीही. त्या प्रसंगात वाळूचा डोंगर पायाखालून सरकतो, पॉल घसरत खाली जातो, आणि मग काही क्षण पडद्यावर धुरळ्याशिवाय काही नसतं. आवाज कानात कमी आणि बरगड्यांत जास्त ऐकू येतो. वाळूवरची माणसं किती किरकोळ आहेत हे कॅमेरामन ग्रेग फ्रेझर कुठलंही भाषण न ऐकवता दाखवतो. चित्रीकरण जॉर्डनच्या वादी रम आणि अबुधाबीच्या वाळवंटात झालंय. ऊन खरं आहे, ते लगेच कळतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता शिवारात उभं राहिलं की सावल्या जशा पायाशी येऊन बसतात, तशा इथं बसलेल्या आहेत.

पॉलच्या घराण्याच्या वैऱ्यांचा, हार्कोनेन लोकांचा ग्रह गीडी प्राइम, तिथला आखाडा, हा तर वेगळाच धडा आहे. ती दृश्यं अवरक्त किरणांवर चालणाऱ्या कॅमेऱ्यानं टिपली आहेत. काळ्या सूर्याखाली रंग नाहीत, माणसांची कातडी मेणासारखी पांढरी, आणि आतषबाजी आकाशात शाई फुटावी तशी फुटते. हार्कोनेनांचा प्रमुख बॅरन याचा पुतण्या, ऑस्टिन बटलरचा फेड-राउथा, त्या उजेडात येतो तेव्हा या घराण्याला मनच नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

मैत्रिणीची तक्रार अलियाबद्दल. कादंबरीत दोन-एक वर्षांचा काळ जातो. पॉलची बहीण जन्मते, आईच्या पोटातच सगळं ज्ञान मिळाल्यामुळे मोठ्या माणसांसारखं बोलते आणि शेवटी बॅरनला तीच मारते. पॉल आणि वाळवंटातल्या फ्रेमेन टोळ्यांमधली त्याची प्रेयसी चानी यांना मुलगा होतो आणि तो मारला जातो. चित्रपटात हे सगळं काही महिन्यांत आवळून बसवलंय, त्यामुळे अलिया शेवटपर्यंत पोटातच राहते आणि बॅरनला पॉल मारतो. मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, मूल गमावलेला पॉल वेगळा आणि हा वेगळा. याच्या अंगावर ओरखडाच नाही.’’ तिचं म्हणणं मला निम्मं पटतं. दोन-तीन वर्षांची मुलगी विषारी सुईनं माणूस मारते हे वाचताना अंगावर येतं, पडद्यावर कदाचित हसू आलं असतं. पण काळ आवळल्यामुळे पॉल हाच तारणहार हा फ्रेमेन लोकांचा विश्वास फार झटपट उगवतो, हे खरं. विश्वास बसायला हंगाम जावे लागतात.

आता माझं.

मी भूगर्भशास्त्र शिकले. गेली सतरा वर्षं लातूर, रेणापूर, औसा या भागांत बोअरचे पॉइंट काढून देते. यंत्र लावायचं, जमिनीत वीज सोडायची, खडकाचा विरोध मोजायचा आणि काळ्या पाषाणात भेग कुठं आहे याचा अंदाज बांधायचा. बहुतेक शिवारांत माझ्या आधी पाणाड्या येऊन गेलेला असतो. तळहातावर नारळ घेऊन तो बांधाबांधानं चालतो, नारळ उभा राहिला की तिथं खूण. पाणी लागलं तर पाणाड्याचा गुण. सातशे फुटांवर नुसती भुकटी उडाली तर मालकाचं नशीब, नाहीतर कुणाचा तरी विटाळ. नारळ कधीच चुकत नाही.

या चित्रपटातला फ्रेमेनांचा म्होरक्या स्टिलगार मला त्या बांधावरून ओळखीचा आहे. हाविएर बार्देमनं तो फार मायेनं केलाय. पॉल म्हणतो की मी तो तारणहार नाही, तर स्टिलगारला त्यात नम्रता दिसते, आणि नम्रता हीच त्याची खूण. थिएटरात लोक हसले. मीही हसले, कारण माणूस लाघवी आहे. शेवटाकडे तोच चेहरा, तेच डोळे, तीच श्रद्धा, आणि हसणं थिएटरभर आटलेलं. दिग्दर्शक देनी व्हिल्नव्हनं इथं जे साधलंय त्याला तोड नाही. श्रद्धा तीच ठेवून त्यानं आपल्याला तिची भीती वाटायला लावली. हर्बर्टची खंत होती की वाचकांनी पॉलला नायक मानलं. त्यानं तर तारणहारांपासून सावध राहा म्हणून लिहिलं होतं आणि तेच ठसवायला १९६९ साली पुढची कादंबरी आणली. व्हिल्नव्ह ते बजावण्याचं काम याच भागात चानीकडे सोपवतो. कादंबरीतली चानी पॉलच्या पाठीशी उभी राहणारी, इथली चानी शंका घेणारी. फ्रेमेनांमध्ये उत्तरेचे न मानणारे आणि दक्षिणेचे भाविक ही फूटही चित्रपटानं जास्तीची घातली, आणि ती मला मूळ पुस्तकापेक्षा खरी वाटली. कुठल्याच गावात सगळे एका सुरात मान डोलावत नाहीत.

म्हणजे मी खूश असायला हवी. बरीचशी आहेच. पण एक गोष्ट चित्रपटगृहातच टोचली आणि परतीच्या बसमध्ये झोप लागू दिली नाही.

सुरुवातीलाच मेलेल्या शत्रूच्या देहातून पाणी काढून घेतात. मग पॉलनं द्वंद्वात मारलेल्या जेमिस या फ्रेमेनच्या देहातलं पाणी गुहेतल्या मोठ्या साठ्यात ओततात. पॉलची आई जेसिका हिच्या डोळ्यांत पाणी येतं तर स्टिलगार तिला सांगतो की आपलं पाणी असं देऊन टाकायचं नाही, मेलेल्यांसाठीसुद्धा नाही. या प्रसंगाला माझ्या घशात आवंढा आला. २०१६ साली आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. आधी दहा वाघिणी, पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत भाजी धुतलेलं पाणी फरशी पुसायला आणि फरशीचं झाडाला जायचं. मृताच्या देहातलं पाणी टोळीचं, ही कल्पना मला परग्रहावरची वाटत नाही. तिचं तर्कशास्त्र मला पाठ आहे.

कादंबरीत स्टिलगार असा साठा दाखवताना आकडा सांगतो : तीन कोटी ऐंशी लाख डेकालिटरांहून जास्त. म्हणजे अडतीस कोटी लिटर. पंचवीस लाख लिटरच्या त्या गाडीच्या दीडशे खेपा. आणि असे साठे हजारो. हे पाणी तहानेनं मरणारा फ्रेमेनही पीत नाही, कारण ते एका योजनेसाठी आहे. वाऱ्यातला ओलावा पकडायचा, ढिगाऱ्यांच्या उतारावर गवत लावून वाळू थोपवायची, मग झुडपं, मग झाडं. ही योजना अराकिसचा पर्यावरणतज्ज्ञ लिएट काइन्स याच्या वडिलांनी आखली, आणि तिला तीनशे ते पाचशे वर्षं लागतील असं हिशेब करून सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी एकही ते हिरवं रान बघायला जगणार नव्हता. तरी त्यांनी कामाला हात घातला. हर्बर्टला ही गोष्ट सुचली तीच मुळी ओरेगॉनमधल्या फ्लॉरेन्स गावाजवळ, १९५७च्या सुमारास. तिथं सरकारी खातं सरकत्या वाळूवर गवत लावून तिला रोखत होतं, त्यावर लेख लिहायला तो गेला होता. म्हणजे या सगळ्या साम्राज्याच्या, अराकिसवरच्या मौल्यवान मसाल्याच्या आणि भविष्यवाणीच्या मुळाशी गवताचं एक पातं आहे.

चित्रपटात हिरवळीचा उल्लेख येतो, नाही असं नाही. पण येतो तो श्रद्धेच्या भाषेत : तारणहार येईल आणि झाडं परत आणील. पुस्तकात झाडं माणसं आणणार होती, मोजमाप करून, पिढ्यान्‌पिढ्या खपून. पहिल्या भागात लिएट काइन्स ही बाई आहे, तिच्या तोंडी या कामाची निदान ओळख तरी होती. दुसऱ्या भागात योजना गेली आणि फक्त नारळ उरला.

भाचा म्हणाला, ‘‘मावशी, तीन तासांत हे सगळं कुठं बसवणार? लोक झोपतील.’’

मी त्याला सांगितलं की जास्तीचा एक मिनिटही लागला नसता. कादंबरीत चानी ही लिएट काइन्सची मुलगी आहे. चित्रपटानं हे नातंच गाळलंय. ठेवलं असतं तर चानीच्या शंकेला पाय फुटले असते. इथं चानी भविष्यवाणी नाकारते, आम्हाला गुलाम ठेवायला ती रचलीय म्हणते, आणि तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण त्याच्या बदल्यात तिच्या हातात काय आहे? आपल्या लोकांनी आपल्यालाच सोडवावं, एवढंच. आईनं मागं ठेवलेलं पाण्याचं गणित तिच्याकडे असतं, एका प्रसंगात ती वाळूवर हात ठेवून म्हणाली असती की इथं गवत धरेल, तर पॉलच्या आणि तिच्या वाटा फुटणं हे प्रेमभंगापेक्षा फार मोठं झालं असतं. एकीकडे आज उसळणारं युद्ध, दुसरीकडे पाचशे वर्षांचं काम. लोक युद्ध निवडतात, आणि का निवडतात तेही कळलं असतं.

शेतात मी हेच बघते. पुनर्भरणाचा खड्डा काढा, तीन-चार पावसाळे जाऊ द्या, असं मी सांगते. मालक मान हलवतो आणि विचारतो, ‘‘ताई, आत्ता पॉइंट कुठं धरायचा ते सांगा.’’ त्याची चूक नाही. त्याची बाग आत्ता वाळतेय. म्हणूनच मला स्टिलगारवर राग धरता येत नाही आणि चानीची अडचण मला इतकी लागते.

एक मात्र कबूल करायला हवं. विष पिऊन निपचित पडलेल्या पॉलला उठवायला चानीच्या डोळ्यांतला एक थेंब लागतो. तिला तो भविष्यवाणी पुरी करण्यासाठी द्यावा लागतो, जेसिका तिला तसं करायला लावते, आणि पॉल उठल्यावर चानी त्याच्या थोबाडीत मारते. पाणी देऊन टाकायचं नाही हे सुरुवातीला ऐकलेलं वाक्य तिथं परत ऐकू येतं, कुणी न उच्चारता. झेंडायाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आहे ते पुस्तकात नाही. हा थेंब लिहिणाऱ्या माणसांना पाण्याची किंमत कळत नव्हती असं मी म्हणू शकत नाही. कळत होती, म्हणून तर जास्त हळहळ वाटते.

बाकीचं भराभर सांगते. सम्राट म्हणून ख्रिस्तोफर वॉकन मला थकलेला वाटला आणि तो थकवा भूमिकेला शोभतो, मैत्रिणीला अजिबात आवडला नाही. रिबेका फर्ग्युसनची जेसिका दोन्ही भागांतलं सर्वांत भेदक काम, ती पोटातल्या मुलीशी बोलते तेव्हा थंडी वाजते. हान्स झिमरचं संगीत काही ठिकाणी इतकं चढतं की शब्द बुडतात, खाली इंग्रजी अक्षरं येत होती म्हणून निभावलं. शेवटची लढाई मात्र फार लवकर आटोपते. सम्राटाचं अख्खं सैन्य काही मिनिटांत मोडतं. मध्यंतर एका दृश्याच्या ऐन मध्यात कापून घातलं होतं, याबद्दल त्या चित्रपटगृहाला मी लेखी कळवलंय.

दुसरा भाग अपेक्षांना उतरला का, यावर आमचं एकमत झालं नाही. भाचा म्हणाला की पहिल्यापेक्षा दुप्पट चांगला. मैत्रीण म्हणाली की सिनेमा मोठा, पण तिची कादंबरी ही नव्हे. मी दहापैकी आठ देते. गेलेले दोन गुण गवताचे आहेत, आणि तिसऱ्या भागात गवत दिसलं तर ते परत द्यायची माझी तयारी आहे.

निघताना मैत्रिणीनं घरी नेऊन कपाटातून ती जुनी प्रत काढली. इतक्या वर्षांनी परत मिळाली. मी ती बस सुटायच्या आधी भाच्याच्या हातात दिली आणि कादंबरीच्या शेवटी असलेलं पहिलं परिशिष्ट आधी वाच म्हटलं, अराकिसच्या पर्यावरणावरचं, जिथं हिरवळ स्वतःच्या बळावर टिकायला लागणाऱ्या तीन टक्क्यांचा हिशेब आहे. रात्री टेंभुर्णीच्या पुढं त्याचा मेसेज आला : ‘‘मावशी, उतारावरचं गवत वाऱ्याच्या कुठल्या बाजूला लावायचं, आणि का?’’ मी बसमध्येच वहीचं पान फाडलं, वाळूच्या ढिगाऱ्याची आकृती काढली, वाऱ्याचा बाण दाखवला आणि फोटो पाठवला.