फोर्ट कोचीत उतरायचं कुठे? तीन ठिकाणी राहून आल्यावर

जानेवारीत सासूबाईंना घेऊन कोचीला जाऊन आले. आईंचं वय 78, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, आणि नोकरीची सगळी वर्षं प्राथमिक शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेली. वास्को द गामा जिथे वारला ते गाव बघायचं आणि मट्टनचेरीच्या राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं बघायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. पाच रात्री ठरवल्या होत्या, झाल्या सहा. पहिलं ठिकाण दोन रात्रींत सोडलं, दुसरीकडे एकच रात्र काढली, आणि तिसरीकडे मुक्काम एका दिवसानं वाढवला.

फोर्ट कोचीत फोर्ट आता नाही. पोर्तुगीजांचा 1503 चा इमॅन्युएल किल्ला पुढे डचांनी आणि मग इंग्रजांनी पाडला, त्याचे थोडे अवशेष तेवढे किनाऱ्याला दिसतात. उरलंय ते गाव: जुनी घरं, वखारी, चर्चं, आणि परेड ग्राउंडच्या कडेचे ते प्रचंड पर्जन्यवृक्ष. नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर वाटतं. प्रत्यक्षात किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या चिनी जाळ्यांपासून मट्टनचेरीचा राजवाडा अडीच किलोमीटर तरी आहे आणि मधल्या प्रत्येक भागाची तऱ्हा निराळी. बुकिंग करताना आपण खोलीचे फोटो बघत बसतो. मीही तेच केलं. गल्लीचं नाव बघितलंच नव्हतं.

पहिलं ठिकाण प्रिन्सेस स्ट्रीटच्या जवळ होतं. पायाखाली लाकडी तक्तपोशी, डोक्यावर कौलं, खिडकीत बोगनवेल. फोटोत होतं तसंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. खोली वरच्या मजल्यावर असल्याचं मला माहीत होतं म्हणून मी फोनवर दोनदा विचारलं होतं, ‘जिना कसा आहे? बरोबर वयस्कर बाई आहेत.’ ‘थोड्याच पायऱ्या आहेत मॅडम,’ असं उत्तर मिळालं. पायऱ्या सतरा निघाल्या. प्रत्येक पायरी वीतभराहून उंच, पाऊल पुरतं मावणार नाही इतकी अरुंद, आणि धरायला एका बाजूला दोरखंड. जुन्या घरांचे जिने असेच असतात, त्याबद्दल त्या घराला दोष नाही. राग आला तो त्या ‘थोड्याच’ शब्दाचा. आई एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत चढल्या आणि वर पोहोचल्यावर म्हणाल्या, ‘अगं, आता उद्या सकाळीच खाली उतरू. दोनदा नको.’ म्हणजे त्या दिवशीची संध्याकाळ गेलीच.

रात्री कळलं की शेजारच्या खोलीतलं पाऊलन् पाऊल आपल्या खाटेपर्यंत येतं. लाकडी तक्तपोशी दिसायला देखणी, पण कुणी चाकांची बॅग ओढली की सगळा मजला घुमतो. खाली कॅफे, अकरापर्यंत खुर्च्या सरकवल्याचे आवाज. पहाटे सांताक्रूझ बॅसिलिकाची घंटा. ती मात्र मला आवडली. तरुण मंडळी असतील, रात्री उशिरापर्यंत बाहेर हिंडायचं असेल, तर हाच भाग घ्या. जाळ्या, सेंट फ्रान्सिस चर्च, खाण्यापिण्याच्या जागा, सगळं पायी होतं.

आणखी एक गोष्ट तिथे दिसली आणि ती मला महत्त्वाची वाटते. खाटेमागच्या भिंतीला फिकट पिवळा नवा रंग होता. उशी सरकवताना हात भिंतीला लागला तर तळव्याला पांढरी भुकटी आली. लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं मीठ. ही जुनी घरं बरीचशी आपल्या कोकणातल्यासारखी जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा. चुना ओल घेतो आणि उन्हाळ्यात सोडून देतो. त्यावर सिमेंट थापलं किंवा प्लॅस्टिक पेंट मारला की ओल आतच कोंडते, रंगाला फोड येतात, पोपडे सुटतात आणि मीठ बाहेर येतं. जानेवारीत ही स्थिती, तर पावसाळ्यात काय होत असेल! मी पूर्वी एकदा जुलैत बहिणीबरोबर कोचीला गेले होते तेव्हा तीन दिवसांत चामड्याच्या पर्सला बुरशी धरली होती. म्हणून खोलीत शिरल्यावर पलंगाच्या डोक्याकडची भिंत हातानं चाचपा, कपाट उघडून वास घ्या आणि मगच बॅगा उघडा. वास कुबट आला तर तिथल्या तिथे खोली बदलून मागा.

दुसरं ठिकाण मट्टनचेरीच्या बाजार रोडवर, पाण्याला पाठ लावून असलेल्या एका जुन्या वखारीत. इथे खोली तळमजल्यावर मागितली आणि मिळाली. या रस्त्याचं काय सांगू! अजूनही माल भरतात आणि उतरवतात. मिरी, सुंठ, वेलची, तांदूळ. दुपारी रिक्षातून उतरलो तर सुंठीचा वास असा अंगावर आला की आई थांबून राहिल्या. ‘याच्यासाठीच आले होते ना रे सगळे,’ त्या स्वतःशीच बोलल्या. चौथीच्या वर्गात कितीदा सांगितलं असेल त्यांनी ते. मागच्या खिडकीतून सरळ पाणी, पलीकडे विलिंग्डन बेट, मधून जाणारी बोट. सहा रात्रींतली सगळ्यात सुंदर खिडकी तीच.

पण संध्याकाळी सातनंतर शटरं पडली आणि रस्ता रिकामा झाला. जेवायला बाहेर पडलो तर रिक्षा मिळायला वीस मिनिटं लागली. पहाटे सहाच्या आत पहिला ट्रक आला, मागोमाग निळ्या शर्टातले हमाल आणि पोती टाकल्याचे दणके. तो त्यांचा कामाचा रस्ता आहे, आपण तिथे पाहुणे. मला एकटीला पुन्हा जायचं झालं तर मी दोन रात्री तिथेच काढीन. आईंना झोप हवी होती.

तिसरं घर मिळालं वेळी नावाच्या भागात, परेड ग्राउंडच्या दक्षिणेला. हा भाग पर्यटकांच्या यादीत शेवटी येतो. साधी वस्ती, नारळ, फणस, शाळेत जाणारी मुलं. सेंट फ्रान्सिस चर्चपर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं, रिक्षानं पाच. घर फार जुनं नाही. समुद्र दिसत नाही, कुठे कोरीव काम नाही. मालक पती-पत्नी तिथेच राहतात. खोलीला अंगणातून थेट दार, एकच पायरी, आणि न्हाणीघरात पकडायला स्टीलचा दांडा. तो दांडा बघितल्यावर मी निर्धास्त झाले. 2200 रुपये रोजचे, त्यात न्याहारी.

पहिल्या संध्याकाळी साडेपाचला मालकीणबाई, म्हणजे आमच्या चेची (मल्याळममध्ये ताई), स्वतः येऊन खिडक्या लावून गेल्या. कोचीचे डास प्रसिद्धच आहेत, दिवे लागायच्या वेळी ते घरात घुसतात. सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी होती. आधीच्या दोन्ही ‘हेरिटेज’ खोल्यांत नव्हती, कारण जुन्या खिडक्यांना जाळी ठोकली की फोटो बिघडतो. टेबलावर पिण्याच्या पाण्याचा जग होता, पाणी फिकट लालसर. आईंनी माझ्याकडे बघितलं. पतिमुखम (एका झाडाचं औषधी लाकूड) घालून उकळलेलं पाणी ते, केरळात घरोघरी असतं. दुसऱ्या दिवसापासून आई दुसरं पाणी पीत नव्हत्या.

आणि चादरी! पांढऱ्या, कडक, हात फिरवला तर किंचित कुरकुरणाऱ्या. वेळीतच धोबीखाना आहे, तमिळ वण्णान समाजाची मंडळी तिथे पिढ्यान् पिढ्या कपडे धुतात. चेचींच्या चादरी तिथेच जातात. मी बघायला गेले. वाळत घालायला चिमटे नाहीत. दोन दोऱ्या एकमेकींत पिळलेल्या आणि त्या पिळात कपड्याचं टोक अडकवलेलं. तांदळाच्या पेजेची खळ. आमच्या आजीच्या घरी अशी खळ असायची, तिच्या लुगड्यांना हाच वास यायचा.

चेचींच्या यजमानांनी, चेट्टननं (म्हणजे दादांनी), आईंना विचारलं, ‘अम्मा, तुमची भाषा कोंकणी का?’ आईंचं माहेर मालवणचं. ते ऐकून चेट्टननं आम्हाला रिक्षा करून चेरलाई या भागात पाठवलं. पोर्तुगीजांच्या छळामुळे सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे येऊन स्थिरावली, तिरुमला देवस्वमचं मोठं देऊळ त्यांचंच. पापडाच्या दुकानात आईंनी मालवणीत भाव विचारला आणि आतल्या बाईंनी त्यांच्या कोंकणीत उत्तर दिलं. अर्धे शब्द एकमेकींना कळले, अर्धे नाही, तरी दोघी पाऊण तास बोलत होत्या. प्रिन्सेस स्ट्रीटवर राहिलो असतो तर तिथे जायचं आम्हाला सुचलंही नसतं.

एर्नाकुलमहून येताना वयस्कर माणूस बरोबर असेल तर हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रो (नवी बोटसेवा) घ्या. एप्रिल 2024 पासून ती फोर्ट कोचीला येते. धक्का पाण्यावर तरंगता असल्यामुळे भरती असो की ओहोटी, बोट आणि धक्का एका पातळीत राहतात, पाय उचलून उडी घ्यावी लागत नाही. जुनी सरकारी बोट फारच स्वस्त, पण चढताना धक्का आणि बोट यांच्यात फट असते. गर्दीच्या वेळी वॉटर मेट्रोला रांग लागते, म्हणून सामान असेल तर दुपारची वेळ धरा.

राजवाडा शुक्रवारी बंद असतो. 1568 चं परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शुक्रवार-शनिवार टाळूनच ठरवा. आम्ही राजवाड्यासाठी मंगळवार धरला होता. तिथलाही जिना आहेच, पण रुंद, आणि आई तो आपणहून चढल्या. शयनगृहातल्या रामायणासमोर त्या खूप वेळ उभ्या होत्या. 31 डिसेंबरच्या आसपास जाणार असाल तर पप्पांजी (सरत्या वर्षाचा म्हाताऱ्याचा पुतळा) जाळायला लोटणारी गर्दी लक्षात घेऊन परेड ग्राउंडपासून लांबची जागा बघा. रस्ते बंद झाले की रिक्षा दारापर्यंत येत नाही.

होमस्टे असं लिहिलंय म्हणजे मालक तिथे राहतातच असं धरू नका, विचारून घ्या. केरळ पर्यटन विभाग डायमंड, गोल्ड, सिल्व्हर अशी वर्गवारी देतो, दाराशी पाटी आहे का बघा. जिन्याबद्दल ‘किती पायऱ्या’ असं विचारून भागत नाही, जिन्याचा फोटोच मागवा. चेचींनी मी न मागता पाठवला होता: अंगण, ती एक पायरी, आणि तिच्यावर माप कळावं म्हणून ठेवलेली त्यांची चप्पल.