वॉर्मब्लड वळू घोड्याचं थंड वीर्य पाठवायची पेटी : सहा महिन्यांच्या वापरानंतर

विजेशिवाय चालणारी ही पेटी फेब्रुवारी ते जुलै वापरात होती. हॅनोव्हेरियन या जर्मन वॉर्मब्लड (खेळांसाठी पैदास केलेल्या) जातीच्या, ड्रेसाज म्हणजे शिस्तबद्ध चालींच्या खेळातल्या वळू घोड्याचं वीर्य बेळगावच्या पागेतून कोल्हापूर, पुणे आणि अथणीकडच्या घोडींच्या कृत्रिम रेतनासाठी जायचं. थंडी धरून ठेवण्याबद्दल तक्रार नाही. एप्रिलात अथणीच्या उन्हात गाडी तापली तरी आत ५ अंशांच्या आसपासच. चुका होतात त्या भरताना.

वीर्य १९ ते ८ अंशांच्या टप्प्यात फार हळू थंड व्हावं लागतं, मिनिटाला साधारण ०.०५ ते ०.१ अंश. झटकन थंड झालं की शुक्राणू जागच्या जागी गोल फिरू लागतात. मासळीच्या थर्माकोल खोक्यात बर्फ भरून पाठवणारे इथेच फसतात. पेटीतही वीर्याची एकच पिशवी ठेवली तर तोच धोका असतो. आतलं वजन कमी पडलं की थंडी भराभर शिरते, म्हणून सोबत आलेल्या पाण्याच्या जोडपिशव्या टाकून पत्रकातलं वजन पुरं करायचं.

थंडाव्याचे डबे डीप फ्रीजरमध्ये पूर्ण २४ तास हवेत. रात्री वीज गेली की डबा वरून कडक, आतून पाणी राहतो. कानाशी धरून हलवा, डुबुक आवाज आला तर त्या दिवशी पाठवू नका.

मात्रेचा हिशेब असा. घट्ट जेल गाळून मिलीलिटरमागे १५ कोटी शुक्राणू निघाले आणि त्यातले ७० टक्के सरळ पोहणारे असले, तर १०० कोटी चपळ शुक्राणूंसाठी साडेनऊ मिलीलिटर वीर्य लागतं. त्यात ३७ अंशांवर तापवलेलं दुधाच्या पावडरीचं एक्स्टेंडर (वीर्य पातळ करून टिकवणारं द्रावण) सुमारे ३८ मिलीलिटर. हवा पिळून काढून पिशवी बंद. काळ्या रबरी बुचाची सिरिंज मात्र नकोच, रबर शुक्राणूंना मारक असतं. पूर्ण प्लॅस्टिकची घ्या. पाण्याचा थेंबही तसाच घातक.

लांब विश्रांतीनंतरचं पहिलं वीर्य पाठवू नये. साठून राहिलेले, मेलेले शुक्राणू त्यात बरेच असतात. आधी काही दिवस काढून टाकावं. ड्रेसाजच्या घोड्याला वीर्य काढण्याच्या कामासाठी वेगळा लगामही हवा, नाहीतर रोजच्या कामात चित्त राहत नाही.

घोडीकडची वेळ पेटी सांभाळत नाही. फॉलिकल (अंडाशयातली बीज वाढवणारी पुटिका) ३५ मिलिमीटरचं झाल्यावर एचसीजी या संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की साधारण ३६ तासांनी ओव्हुलेशन होतं, म्हणजे बीज सुटतं. गाडी त्या हिशेबाने निघावी. भरवल्यावर १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी करावी, जुळं असेल तर तेव्हाच आवरता येतं.

दर खेपेचा थोडा नमुना पागेतच ५ अंशांवर ठेवा. २४ तासांनी ३७ अंशांवर पाच मिनिटं तापवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. चपळ शुक्राणू ३० टक्क्यांच्या खाली असतील आणि पेटी नीट भरलेली असेल, तर त्या वळूचं वीर्य थंडी सोसत नाही. एक्स्टेंडर बदलून बघा, नाहीतर घोडीच पागेत आणा.