पोल-अँकर बोटीला बसवायचा कुठे: फळीला, सँडविच ब्रॅकेटला की नुसत्या कडीत?

बास बोट, म्हणजे बास मासा गळाला लावायची बसकी, वेगवान बोट, बनली ती अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या तलावांसाठी, आणि तिच्या मागे उभा राहणारा पोल-अँकरही अमेरिकेतलाच. बटण दाबलं की आठ-दहा फुटी काठी तळात रुतते आणि बोट जागची हलत नाही. कर्ली किंवा वाघोटनच्या खाडीत कांदळवनाच्या कडेने जिताडा, तांबोशी गळाला लावणाऱ्याला हे सोयीचंच. नांगर टाकल्याचा आवाज नाही, दोर गुंतायची भानगड नाही. प्रश्न आहे तो ब्रॅकेटचा, म्हणजे यंत्र बोटीला धरून ठेवणाऱ्या जोडाचा. यंत्र साधारण १५ ते २० किलोचं. बोट वेगात लाटेवरून आपटली की त्याचा धक्का वजनाच्या कितीतरी पट होऊन जोडांवर येतो. वर खारं पाणी.

खरेदीआधी पाणी मोजा. ८ फूट म्हणजे २.४ मीटर. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या वर चढतं-उतरतं, आणि मऊ रेंद्यात (चिखलात) टोक अर्धा मीटर गेल्याशिवाय पकड येत नाही. म्हणजे ओहोटीला जिथे गुडघाभर पाणी, तिथेच भरतीला ८ फुटी काठी तोकडी पडते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ती चालून जाते. १० फुटी घेतलीत तर ब्रॅकेटवरचा ताणही वाढणार, हे धरून चाला. कातळावर किंवा कालवांच्या खडकावर कुठलीच काठी रुतत नाही, तिथे नांगरच.

थेट मागच्या फळीला बोल्ट मारणं स्वस्त आणि ताठ, पण फळी धड असेल तरच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दर दोन बोटांवर ठोकत जा. टणटण वाजली तर ठीक. बद्द वाजली तर आतलं लाकूड पाणी प्यायलंय, आणि हा पर्याय तिथेच संपला. चांगल्या फळीतही भोक पाडून बोल्ट सरळ घालू नये. १० मिमीच्या बोल्टसाठी १६ मिमीचं भोक पाडा, आत दाट इपॉक्सी भरा, पूर्ण कडक होऊ द्या, मग त्याच्या मधोमध १० मिमीचं भोक पाडा. पुढे सीलंट सुटला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. आतून ६ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी लावा, नुसत्या वॉशरवर भागवू नका. सीलंट कायमचा चिकटणारा नको, ब्रॅकेट काढताना जेलकोट (बोटीचा बाहेरचा चकचकीत थर) सोलून येतो. आणि आवळताना आतला नट फिरवा, बाहेरचा बोल्ट धरून ठेवा. बोल्ट फिरला की सीलंट फाटतो, गळती तिथूनच सुरू होते.

जॅक प्लेट (फळी आणि इंजिनच्या मधली, इंजिन वर-खाली करणारी प्लेट) असेल तर मात्र सँडविच ब्रॅकेटच घ्यावा. तो जॅक प्लेट आणि फळीच्या मध्ये बसतो, नवं भोक लागत नाही. ब्रॅकेट १० मिमी जाड असेल तर जॅक प्लेटचे अर्धा इंच जाडीचे बोल्टही आधीपेक्षा तेवढेच जास्त लांब हवेत. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसलेच पाहिजेत. इथे काटकसर नको, कारण त्याच बोल्टांवर इंजिन लटकलेलं आहे. आवळून झाल्यावर नट आणि प्लेटवरून रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरलाय.

सँडविच ब्रॅकेटचं दुखणं म्हणजे आडवा बाहेर आलेला हात. वेगात तो थरथरतो आणि चीर बहुधा वेल्डच्या टोकाशी पडते. त्रिकोणी आधारपट्टी जोडता येते, पण ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम वेल्डलगत मऊ पडतं. पट्टी लांब आणि टोकाला निमुळती ठेवा, अर्ध्यातच तोडू नका. जोडाभोवती काळी पूड दिसली तर दोन भाग एकमेकांवर घासताहेत असं समजा.

बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचेच. ३०४ ला खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात, आणि चुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम धातू असतो, तो ओळखणारा चाचणीचा थेंब टाकून घ्या. स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर आणि बुश घाला. नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, भोकाभोवती पांढरी पूड येते आणि रंग फुगतो.

यंत्र कुठलंही असो, कायम बसवण्याआधी शिकंज्याने नुसतं धरून इंजिन दोन्हीकडे पूर्ण वळवा, पूर्ण वर उचला, जॅक प्लेट वर-खाली करा. काठी इंजिनच्या टोपणाला लागता कामा नये. ब्रॅकेटची खालची कड बोटीच्या तळापेक्षा निदान ५ सेंमी वर असावी. खाली राहिली तर वेगात पाण्याचा फवारा उसळतो. फळी तिरकी असते, म्हणून सरळ खाली जाणाऱ्या यंत्राला पाचर लागते.

तिसरा पर्याय गरिबाचा वाटतो, तसा तो नाही. १० फुटी माणगा बांबू खालच्या अंगाला जवळजवळ भरीव असतो. टोक तासून नाळेजवळच्या (बोटीच्या पुढच्या टोकाजवळच्या) स्टीलच्या कडीतून खाली दाबायचा. कडीत रबराचा तुकडा घाला, म्हणजे खडखड होत नाही. रेंद्यात रुतलेला काढताना ओढू नका, पिळत वर घ्या. आठवड्यातून एकदा खाडीत उतरणाऱ्याला एवढं पुरतं.

पण खाडीच्या मुखाजवळ, ओहोटीचा जोर आणि समोरून लाट असताना, मागची काठी रोवू नका. मागची फळी सगळ्यात बुटकी असते; प्रवाह तिच्यावरून आत चढतो, आणि रुतलेली काठी बोटीला नाळ फिरवू देत नाही. तिथे नाळेवरून नांगर टाकायचा.